खडकीनंतरचा पट

५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुपारी खडकीच्या माळावर पेशव्यांची फौज आणि कंपनी सरकारच्या पलटणी समोरासमोर आल्या आणि अंधार पडण्याच्या सुमारास लढाईचा निकाल लागलेला होता. आपल्या इतिहासबुद्धीत या तारखेला खास जागा आहे. तिच्या अलीकडे सारे आपले आणि पलीकडे सारे परके, अशी एक रेघ आपण मनात ओढून ठेवली आहे. दप्तर, नाणे, न्यायनिवाडा, वसुली यांच्या बाबतीत ती रेघ बऱ्याच अंशी खरी ठरते. बुद्धिबळाच्या बाबतीतही ती तशीच ओढली जाते. पेशवाई बुडाली, साहेब आला, त्याच्याबरोबर विलायती बुद्धिबळ आले आणि आपला देशी डाव मागे पडला, असे सर्रास सांगितले जाते. ही गोष्ट ऐकायला सरळ आहे, पण तारखांशी जुळत नाही. विलायती चालीचा डाव आपल्याकडे खडकीच्या आधीच पोचला होता, आणि देशी डाव खडकीनंतर शंभर वर्षे चांगला नांदत होता. तो संपला तो तोफेमुळे नव्हे. डावाचे नियम ठरवण्याचा हक्क पटावर बसलेल्या दोघांकडून निघून छापील पुस्तकाकडे आणि संघटनेकडे गेला, तेव्हा तो संपला. माझे म्हणणे एवढेच आहे आणि ते मी पुराव्यांनिशी मांडू इच्छितो.

आधी त्या लढाईकडेच पाहू, कारण बुद्धिबळ हा युद्धाचा आरसा आहे या समजुतीवर वरची गोष्ट उभी आहे. ग्रँट डफ लढाईच्या वेळी तिथे हजर होता आणि १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात त्याने आकडे दिले आहेत: मराठ्यांचे १८ हजार घोडदळ, ८ हजार पायदळ आणि १४ तोफा, इंग्रजांकडे सारे मिळून २,८०० माणसे. रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या छावणीकडे सरकला. मागे ती रेसिडेन्सी त्याच्या ग्रंथसंग्रहासकट जळाली. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. जरीपटका मोर दीक्षितांकडे होता, ते तोफेच्या माऱ्यात पडले. बापू गोखल्यांनी घोडदळाचा मोठा हल्ला चढवला, पण इंग्रजांच्या डाव्या बगलेसमोर दलदल होती, तीत घोडी रुतली आणि हल्ल्याचा जोर तिथेच मोडला. यातले पटावर काय सापडते? पटावरचा घोडा कशातच रुतत नाही, उलट वाटेतले मोहरे ओलांडून जाणारा तो एकटाच. पटावर तोफ नाही. पटावर दोन्ही बाजूंची मोहरी मोजून सारखी असतात आणि प्रत्येकाला एका वेळी एकच चाल मिळते. हत्ती, घोडा, उंट, प्यादी ही नावे कोण्या जुन्या सैन्याची असली तरी १८१७ साली पुण्यात खेळला जाणारा डाव त्या वेळच्या लढाईपासून कधीचाच वेगळा झालेला होता. म्हणून लढाई हरलो म्हणून डावही हरलो, हा तर्क मुळातच लंगडा आहे. पुढे जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला ८ लाखांची नेमणूक घेऊन ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. या राज्य गेलेल्या राजाला पटावरच्या एकट्या उरलेल्या राजाशी जोडण्याचा मोह लेखकाला होतो, पण तो आवरलेला बरा. पटावरच्या एकट्या राजाचा अर्थ वेगळा आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

खेळाचे वय मोठे आहे. आठ गुणिले आठ घरांचे अष्टापद हे त्याहून जुने. त्यावर फाशांचे खेळ चालत. सातव्या शतकात बाणभट्ट हर्षाच्या राज्यातल्या शांततेचे वर्णन करताना चतुरंगाची मांडणी केवळ अष्टापदावर दिसते अशा अर्थाचा श्लेष करतो. तेव्हा चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे आणि पटावरचा खेळ हे दोन्ही अर्थ वाचकाला ठाऊक होते, हे उघड आहे. दख्खनमधला ठोस पुरावा बाराव्या शतकातला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. राजाच्या करमणुकींचा तो कोश आहे आणि त्यात चतुरंगाला स्वतंत्र जागा आहे: दोघांचा खेळ आहे, चौघांनी फासे टाकून खेळायचाही आहे. सोमेश्वराच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता, त्यामुळे या मातीतल्या बुद्धिबळाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथून करावी लागते. दुसरा धागा पैठणचा. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातले नारायणभट्ट सोळाव्या शतकात विश्वेश्वराच्या देवळाच्या पुनर्बांधणीसाठी प्रसिद्ध झाले. त्यांचे नातू नीलकंठभट्ट यांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा मोठा धर्मशास्त्रग्रंथ लिहिला. व्यवहारमयूख त्यातलाच, ज्याच्या आधारे इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यात वारसाहक्काचे निवाडे होत. त्याच ग्रंथाच्या नीतिमयूखात नीलकंठांनी बुद्धिबळाचे वर्णन केले आहे. मध्ये राजा आणि मंत्री, त्यांच्या लगत उंट, मग घोडे आणि कोपऱ्यांत हत्ती. आज मराठी घरातले पोर पट मांडते तेव्हा हाच क्रम लावते. घोड्याने प्रत्येक घरात एकदाच पाय ठेवून चौसष्ट घरे फिरून यायचे, हे कोडेही नीलकंठांनी सोडवून दाखवले आहे. वारसाहक्क सांगणाऱ्या पंडिताला घोड्याची फेरी सांगणे कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. खेळाला त्या काळच्या विद्वत्तेत मानाचे स्थान होते याचा याहून चांगला दाखला कोणता?

आता डावाकडे. ज्यांना आजचे बुद्धिबळ येते त्यांना देशी डाव शिकायला पाच मिनिटे पुरतात. घरे चौसष्टच, पण जुन्या पटावर काळी-पांढरी घरे नसत. कापडावर किंवा फळीवर नुसत्या रेघा, फार तर काही घरांत फुल्या. मोहरी सोळा-सोळा. हत्ती सरळ, उंट तिरपा, घोडा अडीच घरे, वजीर सरळ आणि तिरपा दोन्ही, राजा चोहीकडे एक घर, प्यादे पुढे एक घर आणि मारताना तिरके. फरक यानंतर सुरू होतात. देशी मांडणीत राजाच्या समोर राजा नसून वजीर असतो. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, त्यामुळे डाव सावकाश उघडतो, दोन्ही फौजा आपापल्या बाजूला आधी रचून घेतात आणि झटापट उशिरा सुरू होते. हत्तीला मध्ये आणून राजाला कोपऱ्यात बसवण्याची विलायती तरतूद इथे नाही. तिच्या जागी राजाला, त्याला शह बसला नसेल तर, एकदाच घोड्याची उडी घेता येते. ही उडी कधी वापरायची हा देशी खेळाडूचा मोठा विचार. पहिला शह बसला की ती सवलत गेली, म्हणून समोरचा नुसता ती मोडण्यासाठी एखादा शह देऊन ठेवी. प्यादे पलीकडच्या ओळीत पोचले की त्याचे काय होणार हे ते कोणत्या उभ्या ओळीतून गेले यावर ठरे: हत्तीच्या ओळीत हत्ती, घोड्याच्या ओळीत घोडा, राजा-वजिराच्या ओळींत वजीर. आज प्यादे कुठेही पोचले तरी वजीर मागता येतो. देशी डावात तसे नाही, त्यामुळे प्यादे कोणत्या ओळीत आहे यालाच किंमत येते, आणि एका ओळीतून दुसरीत जाण्यासाठी प्याद्याने कुठे मारावे याचा हिशेब दहा-दहा चाली आधी सुरू होतो.

खरा भेद मात्र शेवटाचा आहे. आज मात म्हणजे मात. ती वजिराने दिली काय आणि प्याद्याने दिली काय, गुण एकच. देशी डावात जिंकण्याला पायऱ्या होत्या. समोरच्याचे सगळे मोहरे आणि प्यादी मारून राजा एकटा उरवला तर ती बुर्जी. बुर्जीला कुठे अर्धा डाव मानत, कुठे बरोबरीच धरत. पुरा विजय ती कुठेच नव्हती. त्याच्या वर मोहऱ्याने दिलेली मात. आणि सर्वांत वर प्यादेमात. याचा खेळावर काय परिणाम होतो ते प्रत्यक्ष पट मांडूनच कळते. समजा तुमच्याकडे राजा, दोन हत्ती आणि एक प्यादे आहे. समोर राजा आणि एकच घोडा उरला आहे. आजच्या नियमाने यात विचार करण्यासारखे काही नाही. घोडा टिपायचा आणि दोन हत्तींनी आळीपाळीने शह देत राजाला कडेच्या ओळीत रेटून मात करायची. देशी नियमात घोडा टिपला त्याच क्षणी बुर्जी झाली आणि हातातला विजय अर्ध्यावर आला. म्हणजे घोडा जिवंत ठेवायचा. पण जिवंत घोडा गप्प बसत नाही. तो अडीच घरांच्या उडीत राजाला शह देऊन त्याच उडीत हत्तीवर नजर ठेवू शकतो. त्याला न मारता निरुपद्रवी करायचे, त्याच्या उडीच्या घरांवर हत्ती ठेवायचे नाहीत, आणि तरी राजाच्या वाटा एकेक करून बंद करायच्या. प्यादेमातीची हौस असेल तर काम आणखी अवघड. हत्तींनी दारे लावायची, राजाने प्याद्यामागे उभे राहून त्याला आधार द्यायचा आणि शेवटचा तिरपा शह प्याद्यानेच द्यायचा. घाई करून प्यादे शेवटच्या ओळीत नेले तर ते प्यादे राहत नाही, त्याचा मोहरा होतो आणि प्यादेमात हुकते. म्हणून त्याला योग्य घरात थोपवून धरायचे आणि समोरचा राजा त्याच्यासमोर येईल अशी पावले टाकायची. जिंकत आलेल्या खेळाडूची परीक्षा देशी डावात जिंकत आल्यानंतर सुरू होते. ज्या अवस्थेत आजचे खेळाडू हात मिळवून उठतात, तिथे देशी डावातले खरे कौशल्य अजून दिसायचे असते.

हे नियम खडकीने पुसले का? तारखा ओळीने लावून पाहू. १८१४ साली, म्हणजे लढाईच्या तीन वर्षे आधी, मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्यांच्याच ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथावरून ते केलेले, आणि युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतल्याचे पुस्तकाच्या नावातच सांगितलेले. पुस्तक मुख्यतः अवघड स्थितींचे: पट असा मांडलेला आहे, आता इतक्या चालींत मात करा. पुण्यात पेशव्यांचे निशाण फडकत असताना एक शास्त्री विलायती चाली इतक्या सफाईने शिकला होता की त्या खेळणाऱ्यांना शिकवण्यासाठी तो त्यांच्याच भाषेत पुस्तक काढत होता. यात जिंकलेला आणि हरलेला असे नाते शोधून सापडणार नाही. आता लढाईच्या पलीकडे चला. १८७१ च्या सुमारास औरंगाबादच्या हरिकृष्णांनी ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात बुद्धिबळाबरोबर सोंगट्या आणि वाघबकरीच्या जातीचे कितीतरी बैठे खेळ नोंदले आहेत. १८९३ साली पुण्यात विनायक राजाराम टोपे यांचे ‘बुद्धिबळक्रीडा’ हे मराठी पुस्तक निघाले. १९१३ साली ऑक्सफर्डहून मरे यांचा बुद्धिबळाचा प्रचंड इतिहास बाहेर पडला. हिंदुस्थानातल्या देशी डावावर लिहिताना त्यांनी आधारासाठी घेतलेल्या ग्रंथांत त्रिवेंगडाचार्य आहेत आणि टोपेही आहेत. म्हणजे खडकीला शहाण्णव वर्षे झाल्यावरही देशी डाव चालू खेळ म्हणून नोंदवला जात होता. पंजाबातला मीर सुलतान खान देशी नियमांवरच वाढला, विलायती नियम त्याला मागाहून शिकवावे लागले, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे त्याने मिळवली. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवले. त्याचे आरंभ कच्चे आणि शेवट पक्के असत असे त्याचे समकालीन म्हणत. देशी डावात प्यादी सावकाश सरकतात आणि सारी कसोटी शेवटाला लागते, हे ध्यानात घेतले तर त्यात नवल नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, तोफेने लगेच नाही मारले, पण तोफेमागून जे राज्य आले त्याने शाळा, कचेऱ्या, क्लब आणि इंग्रजी पुस्तके आणली आणि त्यांनी देशी डाव हळूहळू मारला. मग दोष खडकीचाच ना? यातला अर्धा भाग मी मान्य करतो. इंग्रजी शिकलेल्या वर्गाला इंग्रजी पुस्तकांतले डाव वाचायला मिळाले आणि वाचलेले डाव खेळून पाहायचे तर नियमही तेच घ्यावे लागले. पण राज्यकर्त्यांनी खेळ लादला असे म्हणायला आधार नाही. साहेबाला ज्या खेळांत रस होता त्यांचे काय झाले हे खडकी-पुण्याच्या छावण्यांतच पाहता येते. लढाईनंतर खडकीला कायमची छावणी वसली, पुढे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला, मुंबईच्या सॅपर पलटणीचे ठाणेही तिथेच झाले. या पुणे परिसरातल्या लष्करी वस्तीत पिसांचे फूल जाळीवरून मारण्याचा खेळ रुजला, १८७० च्या दशकात त्याचे नियम लिहिले गेले, विलायतेत तो काही काळ ‘पूना’ या नावानेच ओळखला जाई आणि तोच आजचा बॅडमिंटन. छावणीला आपल्या खेळाचे नियम कागदावर हवे होते, कारण पलटणी बदलत, माणसे बदलत आणि नव्या माणसाला जुन्याबरोबर त्याच दिवशी खेळता आले पाहिजे. मुठा नदीच्या अलीकडे, शहराच्या पेठांत, ती गरजच नव्हती. तिथे खेळणारे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत. बसण्याआधी बोली होई: बुर्जी अर्धी की बरोबरी, राजाची उडी आहे की नाही, आरंभीच्या किती चाली एकदम करायच्या. गावोगाव फरक असत आणि त्याने कोणाचे अडत नसे. अडायला लागले ते अनोळखी माणसाशी खेळण्याची वेळ आली तेव्हा. आगगाडी, टपाल, वर्तमानपत्रे आणि स्पर्धा यांनी ती वेळ आणली. स्पर्धेत सांगलीचा माणूस मद्रासच्या माणसासमोर बसतो. तिथे बोली करत बसायला वेळ नसतो आणि पंचाला एकच पुस्तक लागते. १९२४ साली पॅरिसला जागतिक संघटना निघाली, १९४१ साली सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ काढले, १९५१ साली अखिल भारतीय संघटना झाली आणि १९५५ साली एलुरूला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. देशी डावाचा शेवट या तारखांच्या आसपास आहे. तो बहुतांशी आपल्याच माणसांच्या हातून, खेळाच्या प्रेमापोटी आणि इंग्रजी अमल उतरणीला लागल्यावर किंवा संपल्यावर घडला.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. देशी डाव शुद्ध, प्राचीन आणि आपला; विलायती डाव भेसळीचा आणि परका; म्हणून झाले ते वाईटच झाले, असे म्हणणारे असतात. त्यांचा कळवळा खरा आहे, पण विधान टिकत नाही. वजीर दूरवर सरळ आणि तिरपा धावतो ही चाल युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. त्याआधी तो राजाशेजारचा एका घराचा दुबळा मोहरा होता. एकोणिसाव्या शतकातल्या देशी पटावर मात्र वजीर तसाच धावताना दिसतो. ती चाल आपल्याकडे कोणत्या वाटेने आली असेल याचा अंदाज बांधताना १५१० पासून गोव्यात बसलेले पोर्तुगीज डोळ्यांसमोर येतात. वाट कोणतीही असो, देशी डावाने परकी चाल घेतली आणि आपल्या बुर्जी-प्यादेमातीच्या चौकटीत सहज बसवली. अरबांच्या शतरंजात राजा एकटा उरवणे हा सरळ विजय गणला जाई. आपल्याकडे त्याची किंमत उतरली. म्हणजे देणेघेणे चालू होते आणि त्यातूनच इथल्या खेळाला इथला आकार आला होता. त्याला शुद्धतेचे सोवळे नेसवले तर त्याचा हा जिवंतपणाच नाकारल्यासारखे होईल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो न्यायाचा आहे. बोलीवर चालणारा खेळ ओळखीच्यांचा असतो, आणि ज्याला बैठकीत जागाच नाही त्याच्याशी बोली कोण करणार? वाड्याच्या सोप्यात मांडलेल्या पटाभोवती कोण बसत असे हे सांगायला नको. छापील नियमाला माणसाची ओळख लागत नाही. १९७४ साली बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली, आणि पुढची कितीतरी वर्षे मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी हे अजिंक्यपद घराबाहेर जवळजवळ जाऊच दिले नाही. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय दिला. हा निर्णय बैठकीतल्या बोलीतून कधीच आला नसता. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये बातुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, तेही याच सर्वांना सारख्या असलेल्या पुस्तकाच्या जोरावर. या लाभापुढे मी देशी डावाची बाजू उचलून धरणार नाही. मला एवढेच सांगायचे आहे की लाभ आणि तोटा एकाच व्यवहारात झाले. एकच नियम करताना जिंकण्याच्या पायऱ्या काढून टाकण्याची काही गरज नव्हती. प्यादेमातीला जास्त गुण देणारी स्पर्धाही छापील नियमांवर भरवता आली असती. तसे झाले नाही, कारण घेतलेले पुस्तक आयते होते आणि त्यात त्या पायऱ्या नव्हत्या. आपल्याकडून कोणी त्या मांडल्याच नाहीत. टोपे यांच्या पुस्तकापासून राष्ट्रीय संघटनेपर्यंत जवळजवळ साठ वर्षे हाताशी होती.

बुर्जीच्या नियमात हरणाऱ्याविषयीची दया शोधणारे लोक भेटतात. मला ती दिसत नाही. समोरच्याचा शेवटचा घोडा जिवंत ठेवणाऱ्याला घोड्याची कणव नसते. त्याला मोठा विजय हवा असतो आणि तो जोखीम घेतल्याशिवाय मिळत नाही. त्या जोखमीमुळेच हरत आलेल्यालाही शेवटपर्यंत खेळण्यात अर्थ राहतो. पुरी मात टळून निदान बुर्जीवर सुटका व्हावी म्हणून तो आपलाच उरलेला मोहरा मारून घ्यायला पुढे करतो, आणि जिंकणारा तो मारायचे टाळतो. एकाला मरायचे आहे आणि दुसऱ्याला मारायचे नाही, अशी ही शेवटची झुंज. या प्रकारच्या डावपेचांचा एक अख्खा अभ्यास होता आणि तो आज कोणी करत नाही. दहा-बारा चालींच्या आरंभांचे पाठांतर जसे वाढत गेले तसतसा हा शेवटाचा अभ्यास पुसला गेला, आणि आता संगणकाच्या काळात, जेव्हा आरंभ पाठ करण्यातली मजा चांगले खेळाडूही उरली नाही म्हणतात, तेव्हा त्याची उणीव अधिक जाणवते.

तो परत खेळायला परवानगी कोणाची लागत नाही. साधनही नवे नको. घरातला पट आणि मोहरी पुरतात. राजासमोर वजीर येईल असे मांडावे. प्यादे एकेक घर सरकवावे, राजाला शह बसेपर्यंत एक उडी राखून द्यावी, प्यादे ज्या ओळीत पोचेल त्या ओळीचा मोहरा घ्यावा. राजा एकटा उरला तर अर्धा गुण, मोहऱ्याने मात केली तर एक. प्यादेमातीला दीड गुण धरायचा की दोन, हे बसणाऱ्या दोघांनी पहिली चाल करण्याआधी ठरवून घ्यावे.